कालपर्यंत बरी होती, आज ओळखत नाही

दिवेलागणीच्या वेळेला घरातली आजी अचानक सुनेला विचारते, "तू कोणाची गो?" सकाळी हीच आजी बाल्कांवात, म्हणजे ओसरीत, बसून भाजी निवडत होती. आता ती पांघरुणाचे धागे ओढते, हवेतून काहीतरी वेचल्यासारखं करते, मध्येच वारलेल्या भावाला हाक मारते. घरातलं कोणीतरी म्हणतं, "वय झालं, असं होणारच."

वय झालं म्हणून एका दिवसात असं होत नाही. डिमेन्शिया, म्हणजे विसरभोळेपणाचा आजार, महिन्यावर्षांच्या चालीने येतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उभा राहिलेला गोंधळ वेगळा. जुनी माणसं त्याला 'वात झाला' म्हणतात, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. त्याचं मूळ बहुतेक वेळा डोक्याबाहेर असतं: लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, घसरलेली साखर, कमी झालेलं सोडियम, नवीन सुरू केलेली गोळी. ज्याला आधीपासून डिमेन्शिया आहे त्याला हे अधिक सहज होतं, आणि तिथेच ते सगळ्यात जास्त निसटतं, कारण 'तो आजार आहेच' असं सगळे धरून चालतात.

ओळखायच्या खुणा तीन. गोंधळ अचानक सुरू झाला. तो कमी-जास्त होतो, सकाळी बोलणं नीट आणि संध्याकाळी काहीच्या बाही. आणि लक्ष टिकत नाही, प्रश्न अर्धा ऐकून नजर दुसरीकडे जाते. घरी करायची साधी चाचणी म्हणजे आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगणं. वॉर्डात 'फोर-एटी' नावाची चाचणी वापरता येते. तीत माणूस किती जागा आहे ते बघतात. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारतात. डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला लावतात (७ बरोबर आले तर पुरे). आणि बदल अचानक झाला का, हे नातेवाइकांना विचारतात. गुण बिघाडाचे मोजतात; ४ किंवा जास्त आले तर डिलिरियमची शक्यता धरायची. आपल्या गोव्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांना जन्मतारीख कधीच ठाऊक नव्हती, 'चवथीच्या आदल्या दिवशी जन्मलो' एवढंच ठाऊक. म्हणून उत्तर चुकलं की आधी घरच्यांना विचारायचं: हे त्यांना पूर्वी सांगता यायचं का?

आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. दुसरा प्रकार गप्प असतो. दिवसभर पेंगतो, हाक मारली की डोळे उघडून परत मिटतो, समोरचं जेवण तसंच राहतं. 'शांत आहेत, काही त्रास नाही' असं ड्युटी बदलताना सांगितलं जातं आणि दोन दिवस जातात. आमच्या मते वॉर्डात सगळ्यात जास्त काळजी करावी अशी ही खाट. कालपर्यंत बोलका असलेला माणूस आज गप्प झाला, तर तो आराम करतोय असं समजू नका.

घरी असताना पहिली दहा मिनिटं

हाक मारा, खांदा हलवा, श्वास बघा. श्वास चालत नसेल किंवा आचके देत चालत असेल तर १०८ लावा आणि फोनवरचा माणूस सांगेल तशी छाती दाबायला लागा. श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे, तोंड किंचित खाली, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर वाहील. कवळी काढा. पडून मार लागला असेल तर मान उगाच वळवू नका. उलटी आलीच तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर करा.

तोंडात पाणी, चहा, साखर, औषध काहीही घालायचं नाही. बेशुद्ध माणसाची गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया कमी झालेली असते. ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. फिट आली तर दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर चालली किंवा एकामागून एक आली तर ती मोठी आणीबाणी.

मधुमेही असेल तर पहिल्यांदा ग्लुकोमीटर. ७० च्या खाली साखर म्हणजे कमी, ५४ च्या खाली म्हणजे धोक्याची. माणूस जागा असेल, बसून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. मीटर घरात नसेल आणि माणूस गिळू शकत असेल तर साखर द्याच. साखर मुळात जास्त असली तरी तेवढ्याने फारसं बिघडत नाही, कमी असून दिली नाही तर मेंदू जातो. एक गोष्ट नेहमी निसटते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लॅमाइड यांसारख्या गोळ्यांमुळे साखर उतरली असेल तर ती वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरते. मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धात तर हमखास. 'साखर दिली, शुद्धीवर आले, आता बरे आहेत' म्हणून घरी ठेवू नका.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात गळला, बोलणं जड झालं, तर पक्षाघात समजून चाला. इथे सगळ्यात मोलाची माहिती एकच: शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. सकाळी उठल्यावर लक्षात आलं तर वेळ रात्री झोपल्यापासून मोजतात. काणकोणहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोहोचायलाच दीड तास सहज जातो. दृष्ट काढायची असेल, देवाला नारळ ठेवायचा असेल, तर घरी राहिलेल्या माणसाने तो ठेवावा. रुग्ण तोवर गाडीत असावा.

निघताना औषधांची सगळी पिशवी उचला. चिठ्ठी नको, पिशवीच. शेजारणीने दिलेली झोपेची गोळी, सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी, आयुर्वेदिक पुड्या, सगळं. सर्दीच्या आणि खाजेच्या जुन्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन असतं, आणि वृद्धाला भ्रम व्हायला एवढं पुरतं. चष्मा आणि कानाचं यंत्रही बरोबर घ्या. ते का, ते पुढे येईल.

दोन कारणं जी विचारल्याशिवाय सापडत नाहीत

पहिलं, दारू. मांडीचं हाड मोडून दाखल झालेला साठीचा माणूस पहिल्या दिवशी ठीक असतो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसतात, तो खाटेवरून उतरायला बघतो, ताप आणि नाडी वाढते. शस्त्रक्रियेचा परिणाम म्हणून हे सोडून देतात, पण ही दारू तुटल्याची लक्षणं असतात. थरथर साधारण ६ ते २४ तासांत, फिट ४८ तासांच्या आत, आणि खरा भ्रम ४८ ते ९६ तासांत, असा त्याचा क्रम. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. घरचे लाजेने सांगत नाहीत, किंवा 'फक्त थोडी फेणी, तीही जेवणाआधी' असं सांगतात. फेणीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या वर असतं. रोजचे दोन-तीन पेग वर्षानुवर्षं घेतले की शरीर त्यावर बेतलेलं असतं. म्हणून नर्सने प्रश्न असा विचारावा: "दिवसाला किती, आणि शेवटचा घोट कधी?" 'पिता का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. अशा रुग्णाला बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा बरोबरच दिलं जातं. नुसतं ग्लुकोज चढवलं तर शिल्लक असलेलं थोडं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दुसरं, पोट आणि लघवी. चार दिवस शौचाला न झालेला किंवा मूत्राशय तुंबलेला वृद्ध बोलून दाखवू शकत नाही, तो अस्वस्थ होतो, उठून पळू बघतो. त्याला गुंगीचं औषध दिलं की मूळ दुखणं तसंच राहतं. आधी ओटीपोटावर हात ठेवून बघा. थेंब थेंब लघवी होतेय म्हणजे मोकळी होतेय असं नाही. भरलेलं भांडंही वरून सांडतं.

बाकीची कारणं तपासणीत येतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात, रक्तदाबासाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी घेणाऱ्या माणसाचं रक्तातलं सोडियम घसरतं. अशा वेळी घरच्यांनी मिठाचं पाणी पाजत बसू नये. दीर्घकाळ कमी असलेलं सोडियम २४ तासांत ८ ते १० अंकांपेक्षा जास्त चढलं तर मेंदूच्या आत इजा होते, म्हणून ते रुग्णालयात मोजून-मापून वाढवतात. पावसात तापाबरोबर गोंधळ आला तर मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस मनात हवेत. सत्तरी तालुक्याच्या रानाकडून आलेला तापाचा रुग्ण कोरड्या महिन्यांत असेल तर माकडतापही (रानातल्या गोचिडीतून येणारा ताप). दोन-तीन आठवड्यांपूर्वी डोक्याला किरकोळ मार लागलेला, त्यातून रक्त पातळ करणारी गोळी घेणारा माणूस हळूहळू सुस्त होत गेला तर कवटीच्या आत रक्त साचत असू शकतं.

शुद्ध मोजायची कशी

'सेमी-कॉन्शस' हा शब्द फायलीतून हद्दपार व्हायला हवा. प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा. त्यासाठीच १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी मोजपट्टी (ग्लासगो कोमा स्केल) दिली, ती जगभर वापरतात. डोळे ४ गुण, बोलणं ५, हालचाल ६. एकूण जास्तीत जास्त १५, कमीत कमी ३. डोळे आपणहून उघडे तर ४, हाकेने ३, दाबल्यावर २, अजिबात नाही तर १. बोलणं भान ठेवून असेल तर ५, वाक्यं पण गोंधळलेली तर ४, सुटे शब्द ३, नुसते आवाज २. हालचालीत सांगितलेलं केलं तर ६, दाबलं त्या जागेकडे हात नेला तर ५, हात मागे ओढला तर ४, हात छातीकडे विचित्र आखडला तर ३, ताठ पसरला तर २.

नोंद करताना नुसता '१०' लिहू नका, तिन्ही आकडे वेगळे लिहा. डोळे ४, बोलणं १, हालचाल ५ असाही १० होतो. डोळे ३, बोलणं ३, हालचाल ४ असाही. दोघांची गोष्ट वेगळी आहे. ८ किंवा खाली म्हणजे श्वासमार्ग धोक्यात, डॉक्टर त्याच क्षणी खाटेजवळ हवेत. दोन गुण उतरले तर लगेच कळवा. हालचालीचा एकच गुण उतरून अर्धा तास तसाच राहिला तरी कळवा.

मोजताना होणाऱ्या चुका ठरलेल्या. 'माझा हात दाबा' म्हटल्यावर रुग्णाने बोटं आवळली म्हणून ६ देतात. बेशुद्धीतही तळहातात बोट ठेवलं की मूठ आपोआप वळू शकते. म्हणून 'आता सोडा' असंही सांगा, किंवा 'जीभ दाखवा' सांगा. छातीच्या हाडावर मूठ घासायची सवयही सोडा. कातडी सोलवटते, काळीनिळी होते. नखाच्या बाजूला पेनाने दाब द्या, किंवा मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत धरून हळूहळू दाब वाढवा.

तिसरी चूक भाषेची, आणि ती आपल्याकडची खास. रुग्ण कोकणीत बरोबर उत्तर देतो, पण विचारणाऱ्याला कळत नाही आणि 'असंबद्ध' लिहिलं जातं. गोंधळलेला माणूस लहानपणच्या बोलीकडे परततो. शाळा मराठीत झालेली, कीर्तन-नाटक मराठीत, पण आईशी बोलला ती कोकणी. त्याला "आज कोणता वार?" पेक्षा "आयज कितें?" लवकर पोचतं. मोजण्याच्या वेळी घरच्या माणसाला जवळ उभं करा.

डोळ्यांच्या बाहुल्या प्रत्येक वेळी बघा: दोन्ही सारख्या का, उजेडात आकसतात का. एकच मोठी झाली आणि आकसेना, तर वाट बघायला वेळ नाही. नाडी मंदावत जाणं, रक्तदाब चढत जाणं आणि श्वास अनियमित होणं ही मेंदूवरचा दाब वाढल्याची खूण आहे, पण ती उशिरा दिसते. तोवर थांबलात तर उशीर झालेला असतो. डोक्याला मार लागलेल्याची नोंद पूर्ण १५ गुण येईपर्यंत दर अर्ध्या तासाने, नंतर दोन तास तशीच, मग चार तास दर तासाने.

जागा पण हरवलेला

समोरून जा, पाठीमागून हात लावू नका. नाव सांगा, नातं सांगा, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि उत्तराला दहा सेकंद द्या. "आये, हांव मीना. तूं हॉस्पिटलांत आसा." दर भेटीत हेच परत. भिंतीवर साप दिसतोय म्हणाली तर 'काही नाहीय तिथे' म्हणून वाद घालू नका आणि 'हो, मी मारते' असंही खोटं नको. "मला दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय ना? मी इथेच आहे," एवढं पुरतं. मग दिवा लावून बघा. पंख्याची फिरती सावली, सलाईनचा स्टँड, फुलाफुलांचा पडदा, यातूनच साप तयार होतो.

चष्मा नसला तर सावली साप होते आणि कानाचं यंत्र नसलं तर कुजबूज कट होते. म्हणून ती दोन्ही पिशवीत हवीत. भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि कॅलेंडर, दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा. दिवसा उठवून बसवा, जमेल तर चालवा. रात्री दोनला रक्तदाब घेण्याची खरोखर गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. झोप हे इथे औषध आहे, आणि झोपेची गोळी त्या झोपेची जागा घेत नाही, उलट गोंधळ वाढवते. भेटीच्या वेळेला सगळा वाडा खाटेभोवती जमतो, प्रत्येक जण विचारतो, 'मला ओळखलंस?' ही परीक्षा थांबवा. ओळखीचं एकच माणूस जवळ बसू द्या.

हात बांधणं शेवटचं. बांधलेला माणूस अधिक झगडतो, पडला तर जास्त जोरात पडतो, कूस बदलता येत नाही म्हणून उलटी छातीत जाते. आधी बघा की ती नळी लागतेच आहे का. लागत असेल तर सलाईनच्या जागेवर पट्टी गुंडाळून लांब बाहीखाली लपवा, हातात गुंतवायला रुमाल द्या, खाट सगळ्यात खाली आणा. दोन्ही कठडे चढवलेल्या खाटेवरून रुग्ण कठड्यावरून उडी घेतो आणि उंचीवरून आपटतो. लघवीची नळी तर पहिली काढता येईल ती. आतला फुगा भरलेला असताना रुग्णाने ती ओढली की मूत्रमार्ग फाटतो. फारच आक्रमक झाल्यावर डॉक्टर हॅलोपेरिडॉलचा लहान डोस देतात, पण पार्किन्सन असलेल्याला ते घातक ठरू शकतं. हे नर्सच्या आणि घरच्यांच्या तोंडावर हवं.

आता पेज. आजारी माणसाला पेज द्यायची हे आपल्या हाडात आहे, आणि इथेच घात होतो. पातळ पाणी आणि सुटी शितं, असं दोन तऱ्हेचं एकत्र आलेलं अन्न अर्धवट भानातल्या माणसाला गिळायला सगळ्यात कठीण. तो शितं चावायला थांबतो आणि पाणी तोवर श्वासनळीकडे उतरतं. आधी बघा की तो पूर्ण जागा आहे आणि ताठ बसतोय. चहाच्या चमच्याने पाणी द्या, एकेक करून तीन वेळा. खोकला आला, आवाज ओला, घुर्रघुर्र झाला, तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. जमलं तर पेज मिक्सरमधून काढून एकजीव, घट्टसर, लहान चमच्याने. हनुवटी किंचित खाली. खाऊन झाल्यावर गालात अन्न उरलंय का बघा आणि अर्धा तास बसतं ठेवा.

शुद्ध नसलेला

उशाकडची बाजू ३० अंश वर, डोकं सरळ. मान वाकली की मेंदूतून रक्त परत यायला अडतं. घशात घरघर ऐकू आली तर कुशीवर करा. सक्शन (नळीने घशातला कफ ओढणं) करायचं तर एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये ऑक्सिजन. तोंड दिवसातून निदान दोनदा मऊ ब्रशने, कुशीवर ठेवून स्वच्छ करा, कारण तोंडातले जंतूच खाली उतरून न्यूमोनिया करतात. डोळे अर्धवट उघडे राहत असतील तर बुबुळ वाळून व्रण पडतो. सांगितलेले थेंब किंवा मलम घाला, पापणी हलकेच मिटवा.

दर दोन तासांनी कूस. अगदी आडवं नको, पाठीमागे उशी देऊन ३० अंश कललेलं. टाचा हवेत राहाव्यात म्हणून उशी पोटऱ्यांखाली द्या. पाणी भरलेले हातमोजे टाचांखाली ठेवणं आणि कमरेखाली रबरी रिंग घालणं बंद करा. रिंगच्या कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. हवेची गादी असली तरी कूस चुकत नाही. आपल्या दमट हवेत रेक्झिनच्या चादरीवर पाठ घामाने भिजते आणि भिजलेली कातडी लवकर फाटते. वर सुती चादर हवीच, पावडरचे थर नकोत. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाब सोडल्यावरही लालच राहिला, पांढरा झालाच नाही, तर जखम आत सुरू झाली आहे. त्या जागेवर चोळू नका, त्या कुशीवर निजवू नका.

रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) अन्न देताना प्रत्येक वेळी नाकपुडीजवळची खूण जागेवर आहे का बघा, ओढलेला द्राव तपासा. शंका आली तर देऊ नका. २०० ते २५० मिली, सिरिंजचा दांडा काढून, आपल्या वजनाने २०-३० मिनिटांत उतरू द्या; दाबून ढकललं की उलटून येतं. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. गाळलेली पेज नळीत थंड होऊन चिकटते, नळी बंद पडते, आणि तिच्यात प्रथिनं नावापुरती. आहारतज्ज्ञाकडून डाळ, दूध, अंडं, तेल यांचं माप लिहून घ्या.

आणि बोलत राहा. कूस बदलण्याआधी सांगा, 'आता वळवते हां.' त्याच्या उशाशी इस्टेटीची वाटणी किंवा 'आता काही खरं नाही' ही चर्चा नको. ऐकू येत असल्याचं बेशुद्धीतून परतलेली माणसं सांगतात.

डिलिरियम ओसरायला दिवस लागतात, वृद्धाला कधी आठवडे, कधी महिने. घरी पाठवताना हे सांगितलं नाही तर तिसऱ्या रात्री घरचे घाबरून परत येतात, किंवा कायमचं वेड समजून खोलीला कडी लावतात. बरा झालेला माणूस पुष्कळदा ते साप, ते किडे आठवून गप्प बसतो. त्याला वाटतं आपण वेडे झालो होतो. घरच्यांनी एकदा शांतपणे बसून त्याला सांगावं: तुला न्यूमोनिया झाला होता, त्यामुळे तसं दिसत होतं. आणि घरात एक कागद चिकटवून ठेवावा, ज्या गोळीने किंवा ज्या कारणाने हे झालं तिचं नाव लिहून, पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरला पहिल्यांदा दाखवायला.